नऊ वर्षं उभी असलेली इस्टेट गाडी: जंपर लावायच्या आधी मागचं दार उघडा

प्रश्न थोडक्यात असा. काकांची १९९२ची पेट्रोल इस्टेट गाडी (म्हणजे छत सरळ मागच्या दारापर्यंत गेलेली, लांब डिक्कीची), इंजेक्शनवाली, पाच गिअरची, नऊ वर्षं बंद शेडमध्ये उभी आहे. हँडब्रेक ओढलेला, टाकीत अर्धं पेट्रोल. आता ती ताब्यात आलीय तर दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून चालू करून बघू का, आणि चालू झालीच तर तशीच चालवत नेऊ का?

नका करू असं. अजिबात नको. चालू होईल कदाचित, तोच तर घोटाळा आहे. जुनी पेट्रोल इंजिनं फार सहनशील असतात, चार वेळा सेल्फ मारला की खोकत खोकत उठतात आणि माणसाला वाटतं झालं काम. पण इंजिन चालू होणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. गाडी थांबेल का, आत पेट्रोल कुठे गळतंय का, वायर कुठे उघडी पडलीय का, हे आधी बघायचं असतं. नऊ वर्षं थांबलीय ती, अजून दोन-तीन रविवार थांबली तर काही बिघडत नाही.

मी इतकी वर्षं हेच काम करतोय आणि इस्टेट असली की बॉनेटकडे जातच नाही आधी, मागून सुरुवात करतो. कारण बॉनेटखाली ती गाडी तिच्या सेडान भावासारखीच असते, जे काही वेगळं आहे आणि जे काही सडतं ते बहुतेक मागे.

तर मागचं दार उघडा आणि उघडल्या उघडल्या त्याखाली एक दणकट लाकडी दांडा लावा. ते दार सेडानच्या डिक्कीपेक्षा कितीतरी जड असतं, काच, वायपरची मोटर सगळं त्यातच, आणि ते धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्यांमधला गॅस इतक्या वर्षांत उडालेला असतो. वर जाताना ठीक वाटतं, मग तुम्ही आत वाकता आणि ते हळूच खाली यायला लागतं. मला एकदा मानेवर बसलंय, आठवडाभर डावीकडे वळून बघता येत नव्हतं. नवीन दांड्या जोडीनंच घ्या, एकच बदलली तर दार तिरकं ओढलं जातं.

आता आत डोकं घालून नुसता वास घ्या. कुबट असेल तर पाणी, उग्र असेल तर पेट्रोल, आणि एक विशिष्ट घाणेरडा वास असेल तर उंदीर. नऊ वर्षांच्या शेडमध्ये तिन्ही एकदम मिळाले तरी आश्चर्य नाही.

पाण्याचं बघू. डिक्कीतलं कार्पेट उचला, त्याखालचं झाकण उचला, स्टेपनी बाहेर काढा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, नुसतं बघू नका. तळाशी तपकिरी डाग, रांगोळीसारखी उमटलेली पाण्याची कड, बोटाला लागणारे गंजाचे पापुद्रे, हे दिसलं तर पाणी बरीच वर्षं येत होतं, गाडी उभी करण्याच्याही आधीपासून. इस्टेटमध्ये पाणी यायच्या जागा ठरलेल्या आहेत. छतावरच्या रेलिंगचे बोल्ट, मागच्या दिव्यांचे रबर, बाजूच्या मोठ्या काचांचं रबर, आणि एक जी कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे मागच्या काचेवर पाणी मारायची बारीक नळी. ती बॉनेटखालच्या टाकीतून निघून छताच्या कापडावरून मागे येते आणि दाराच्या बिजागरीपाशी रोज वाकून वाकून तडकते किंवा जोडातून निसटते. मग तुम्ही काच धुवायचं बटण दाबता आणि पाणी काचेवर न येता छताच्या कापडात. गळती नेमकी शोधायची असेल तर एक माणूस बाहेर पाइप घेऊन उभा करा, तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा, दार बंद. खालून वर जायचं, आधी दिवे, मग काचा, शेवटी छत. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही.

आणि ओल जिथे साठते तिथेच खालून पत्रा सडतो, त्यामुळे गाडीखाली जाल तेव्हा स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, मागच्या स्प्रिंगच्या बैठका आणि जॅक लावायच्या जागा बोथट स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे, भदभद आला तर रंग आणि आशा आहे. आणि हो, गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, स्टँड लावा, चाकांना ओट लावा.

मग दाराची वायरिंग. छत आणि दार यांच्यामध्ये एक रबरी नळी दिसेल, कोंबडीच्या मानेएवढी. ती एका टोकानं सोडवून मागे सरकवा आणि आतली एकेक वायर बोटानं वाकवून बघा. हजारो वेळा उघडझाप झाल्यामुळे आवरण तडकलेलं असतं, आत तांबं उघडं पडलेलं, कधी वायर आतून तुटलेली पण बाहेरून अख्खी दिसते. नंबरप्लेटचा दिवा लागत नाही, मागचा वायपर चालत नाही, काच तापत नाही असं सगळं एकदम बंद असेल तर मोटर, बल्ब वगैरे बदलत बसू नका, नव्वद टक्के वेळा माझ्या अनुभवात ही नळीच असते. आणि तुम्ही जंपर लावायला निघालेला ना, उघड्या वायरी एकमेकींना टेकलेल्या असताना भरपूर ताकदीची बॅटरी जोडली की काय होतं ते धुरावरून कळतं.

म्हणून बॅटरी जोडायची माझी पद्धत सांगतो. जुनी बॅटरी विसरा, नऊ वर्षं रिकामी पडलेली बॅटरी चार्ज करून जगत नाही, आतल्या प्लेटा सल्फेटनं मेलेल्या असतात. नवीन घ्या. चांगली भरलेली बॅटरी काही न जोडता १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पॉझिटिव्ह जोडा, आणि निगेटिव्हची केबल थेट न लावता केबल आणि बॅटरीच्या खांबामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वायरनं जोडा. दारं बंद, चावी काढलेली. बल्ब लागला नाही किंवा अगदी मंद असला तर ठीक, लख्ख लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि सगळा करंट त्या बल्बमधून जातोय म्हणून गाडी वाचली. मग एकेक फ्यूज काढत जायचं, जो काढल्यावर बल्ब विझतो ती लाइन. बल्ब शांत असल्याशिवाय केबल थेट जोडायची नाही.

इस्टेटचं अजून एक, आणि हे जिवावरचं आहे म्हणून नीट वाचा. सेडानमध्ये डिक्की आणि माणसं बसतात ती जागा यांच्यामध्ये सीट आणि पडदी असते. इस्टेटमध्ये डिक्की म्हणजे तुमचीच खोली. पेट्रोल भरायच्या नळीपासून टाकीपर्यंतचा रबरी तुकडा आणि टाकीच्या हवेच्या बारीक नळ्या बऱ्याच इस्टेट गाड्यांत डिक्कीच्या बाजूच्या पॅनेलमागून जातात. रबर तडकलेलं असेल तर गाडी निम्मी भरलेली असताना काही कळत नाही, फुल केली की वळणावर आत पेट्रोलचा वास. पॅनेल काढा, रबर चिमटीत दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदला. आणि सायलेन्सर. चौकोनी पाठीची गाडी चालताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर परत दाराकडे ओढला जातो. दाराचं रबर चपटं झालंय आणि सायलेन्सर मधेच सडलाय अशी जोडी जमली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, डोकं दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं ऊन लागलं. दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथं रबर पकडत नाहीये. सगळीकडून फिरून बघा.

मागचं सस्पेन्शन. तुमची गाडी कुठली ते प्रश्नात नाही म्हणून तिन्ही प्रकार सांगतो. साधे स्प्रिंग आणि शॉकअप असतील तर गळती बघा आणि पुढे चला. पण ओझं टाकलं तरी मागची उंची आपोआप तीच ठेवणारी यंत्रणा इस्टेटमध्ये बऱ्याचदा असते. मर्सिडीझच्या १२३ आणि १२४ मालिकेतल्या इस्टेटमध्ये इंजिनवर चालणारा पंप, तेलाची वेगळी टाकी आणि मागे गॅसचे गोळे असतात, गोळ्यातला गॅस गेला की मागचा भाग दगडासारखा कडक होतो आणि लोक शॉकअप बदलत बसतात. सिट्रोएन सीएक्स किंवा बीएक्स असेल तर त्यात हिरवं मिनरल तेल लागतं, एलएचएम म्हणतात त्याला, आणि त्याच्या टाकीत चुकून साधं ब्रेक ऑइल ओतलंत तर सगळी सिलं फुगून बाद. तिसरा प्रकार निव्होमॅट, जुन्या व्होल्व्होमध्ये वगैरे सापडतो. हा शॉकअप स्वतःच स्वतःला पंप करतो, पण गाडी चालल्यावर. त्यामुळे उभ्या गाडीत ओझं टाकून मागं बसली म्हणून तो खराब आहे असं ठरवू नका, एक-दोन किलोमीटर चालवून मग उंची मोजा. आणि खराब निघाला तर तिथे साधा शॉकअप बसवू नका, कारण त्या गाडीचे स्प्रिंग मुद्दाम मऊ दिलेले असतात, ओझ्याचा काही भाग शॉकअप उचलतो. साधा लावायचा तर स्प्रिंगसकट.

आता ब्रेक, आणि इथेही आधी मागे. मागच्या अ‍ॅक्सलपाशी बॉडीला बऱ्याच गाड्यांत एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलकडे गेलेली असते. गाडीत ओझं किती ते बघून मागच्या ब्रेकला जोर किती द्यायचा हे तो ठरवतो. इस्टेटमध्ये तो जास्त महत्त्वाचा कारण रिकामी आणि भरलेली यात मागच्या वजनाचा फरक मोठा. उभ्या गाडीत तो गंजून घट्ट बसतो. रिकाम्या स्थितीत अडकला तर भरलेली गाडी थांबायला वेळ लावते, भरलेल्या स्थितीत अडकला तर रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. ती दांडी हातानं हलली पाहिजे. हलत नसेल तर तेल मारून बघा, पण उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, बदला.

तुमचा हँडब्रेक ओढलेला आहे म्हणजे मागचे लायनर (ब्रेकच्या शूवरचं घासणारं अस्तर) ड्रमला चिकटलेले असणारच. सोडला तरी चाक फिरणार नाही. गाडी दुसऱ्या गाडीनं ओढून सोडवतात काहीजण, त्यात लायनर शूवरून उखडून ड्रममध्ये पडतो आणि मग चाक कायमचं जॅम. चाक काढा, ड्रमच्या कडेनं तेल नको, नुसती लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडी, फिरवत फिरवत चारी बाजूंनी, अ‍ॅडजस्टर ढिला करून. वेळ लागतो पण सुटतो. आत व्हील सिलेंडरचं (शू बाहेर ढकलतो तो) रबर उचलून बघा, ओलं असेल तर गळतंय.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, नवीन डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं आणि पाणी मुरलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, शिवाय ते पाणी आतून सिलेंडरला गंजवतं. ब्रेकच्या पाइपांतली हवा (एअर) काढताना एक चूक सगळे करतात, पेडल थेट तळाला नेतात. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये (पेडलच्या जोरानं तेल पुढे ढकलतो तो) रोज जिथपर्यंत पिस्टन जायचा तिथपर्यंत भिंत गुळगुळीत असते, त्याच्या पुढे गंज आणि खडबड. पेडल तळाला गेलं की रबर त्या खडबडीवरून घासतं आणि काल ठीक असलेला मास्टर सिलेंडर आज पडतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. आणि रबरी होज पाइप बाहेरून चांगले दिसले तरी चारही बदला, आतून फुगतात, मग तेल दाबाखाली पुढे जातं पण परत येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. लोखंडी पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या वर आणि टाकीच्या वर सडतात, जिथं हात पोचत नाही तिथंच, नेहमीचंच.

उंदरांचं घरटं बघा, एअर फिल्टरच्या डब्यात, हीटरच्या हवेच्या वाटेत, इंजिनवरच्या झाकणाखाली. साफ करायच्या आधी जंतुनाशकाचं पाणी फवारून ओलं करा, मास्क आणि हातमोजे घाला, सुकी लेंडी झाडूनं उडवू नका, त्यातून आजार होतात. कुरतडलेली वायर तिथंच जवळपास सापडेल.

पेट्रोल. नऊ वर्षांचं पेट्रोल म्हणजे रंगाच्या दुकानातला वास, ते टाकीतून सगळं काढा. त्यात ताजं मिसळून चालेल असं सांगणारे असतात, त्यांना त्यांच्या गाडीत घालायला सांगा. इथेनॉलमिश्रित असेल तर पाणी शोषून तळाशी वेगळा थर झालेला असतो आणि तोच थर पंप आधी ओढतो. काढलेलं एका काचेच्या बरणीत ओतून बघा, खाली वेगळा थर किंवा तपकिरी चुरा दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. फिल्टर नवीन, इंजिनकडचे रबरी पाइप नवीन. इंजेक्शनच्या लाइनमध्ये दाब बराच असतो, तिथे इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि क्लिप लावा, कार्बोरेटरवाला नाही चालणार.

मग कुठे इंजिन. जुनं ऑइल काढा, खालच्या ऑइल चेंबरच्या बोल्टमधून आधी पाणी आलं का बघा, फिल्टर बदला, नवीन भरा. प्लग काढा आणि प्रत्येक सिलेंडरमध्ये पाचेक मिली पातळ ऑइल, चहाचा एक चमचा, जास्त नको, आणि एक रात्र सोडून द्या. कारण पिस्टनच्या रिंगांवरचं तेल कधीच खाली उतरून गेलंय, कोरड्या भिंतीवर रिंगा सेल्फच्या जोरानं ओढल्या तर ओरखडे पडतात. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट आणि लांब पाना लावून हातानं फिरवा. इंजिनच्या नेहमीच्या दिशेनंच, ती मॅन्युअलमध्ये बघून घ्या, उलट फिरवलं तर काही इंजिनांत टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा) दात सोडतो. पहिल्यांदा चिकट वाटेल, मग सुटेल, प्लगच्या भोकांतून फुस्स फुस्स आवाज येईल, फार छान वाटतं तो आवाज ऐकून. पूर्ण दोन फेरे झाले म्हणजे सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटले. मधेच टणक अडलं तर जोर लावू नका, थांबा, व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो.

टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटर बघू नका, वय बघा. नऊ वर्षं एकाच पुलीवर एकाच जागी वाकून बसलेला बेल्ट आहे तो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. टेन्शनर आणि वॉटर पंपासकट आत्ताच बदला, गाडी उघडीच आहे. चेन असेल तर सुटलात. कूलंट बदला, रेडिएटरचे होज दाबून बघा, कुरकुर आवाज आला तर तेही.

प्लग अजून बाहेर, भोकांवर फडकं, कॉइलची जोडणी काढलेली, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला. आता सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मधे विश्रांती, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. विझला म्हणजे तेल वर पोचलं. मग प्लग लावा, कॉइल जोडा, फ्यूज लावा, शेडची दारं उघडी, हाताशी आग विझवायचं सिलिंडर, आणि चालू करा. पहिली पाच-दहा मिनिटं पांढरा-निळा धूर येईल, ते तुम्ही ओतलेलं ऑइल आहे, घाबरू नका. रेस करू नका. दुसऱ्या माणसानं पेट्रोलचे सगळे जोड बघत राहायचं, ओलं दिसलं की लगेच बंद. अल्टरनेटर ठीक असेल तर बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसेल.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटलीय. इंजिन गरम करून बंद करा, पेडल दाबून सीट आणि पेडलमध्ये काठी अडकवून रात्रभर ठेवा. बऱ्याचदा सुटते, नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवायचा.

टायर वरून काळे कुळकुळीत दिसतील, फसू नका. बाजूला DOT ही इंग्रजी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा आहे. तुमच्या गाडीला कुठलेही असले तरी किमान नऊ वर्षं एका जागी दबलेले आहेत, पाचही बदला, स्टेपनीसकट, ती सगळे विसरतात.

आणि चालवत न्यायचं म्हणाल तर पहिल्या दिवशी नाही. कागदपत्रं, विमा जे लागतं ते आधी, आणि पहिली फेरी रिकाम्या जागेत, चालण्याच्या वेगानं, ब्रेक दाबत दाबत. मग दोन-तीन किलोमीटर. उतरा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, टेकवू नका. चारांपैकी एक चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चाकांचे नट परत आवळा. रात्री गाडीखाली इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत पुठ्ठे पसरा आणि सकाळी डाग बघा. काळा पुढच्या बाजूला म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी चिकट म्हणजे कूलंट, या दोघांसाठी थांबायची गरज नाही, लक्ष ठेवा आणि सवडीनं करा. पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पाण्यासारखा पातळ, बोटाला तेलकट लागणारा डाग असेल तर तो ब्रेक ऑइलचा, चावी खिशात ठेवा आणि ड्रम परत उघडा.